शेवटच्या रांगेतला हात

भास्कर,

आपल्या दिव्यांग परिषदेच्या नियमाप्रमाणेच सुरुवात करतो: ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आधी आपण कसे दिसतो ते सांगायचं. माझं नाव जनार्दन. राहायला मोहोपाड्याला. उंच आहे, पण आता पाठीतून वाकलोय. केस पांढरे, मिशी नाही, अंगात निळा सदरा. दोन्ही कानांत ऐकण्याचं मशीन आहे.

शेवटचं वाक्य मी याआधी कुणासमोर म्हटलेलं नाही. हॉलमधल्या बहुतेकांना ते नवीन असेल. तुला नसतं. तुला ते फार आधीपासून माहीत होतं, हे मला तू गेल्यावर कळलं. तेव्हापासून मला तुझ्यासाठी धड रडताही येत नाही. रडू यायला लागलं की मध्येच राग येतो.

तू काय काय केलंस ते बाकीचे सांगतील. संस्था कशी उभी राहिली, कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली माणसं परिषदेसाठी कशी एकत्र आली, तुझा जन्म, तुझं शिक्षण, ते सगळं येईल. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आणि तुझ्या नावाला एक चुकीची गोष्ट चिकटली आहे, ती काढायची आहे. समितीने मला बोलायला सांगितलं कारण आपली मैत्री जुनी. मैत्री काय होती, ते आता मलाच नीट माहीत नाही.

आपली ओळख तुझ्या फोनच्या बूथवर झाली. अंध म्हणून तुला मिळालेलं ते लाकडी खोकं कशेळ्याच्या स्टँडसमोर होतं. माझी सासुरवाडी तिकडची, त्यामुळे येणं-जाणं असायचं. त्या दिवशी मी घरी फोन लावला, बोललो, बाहेर आलो, आणि तू विचारलंस, "कारखान्यात हाय का तुमी? मशिनीजवळ?" मला वाटलं अंगाला केमिकलचा वास येत असेल. तू हसलास. "वास नाय ओ. फोनवर ओरडत व्हता. पल्याडचं मानूस बहिरं असंल, न्हायतर तुमी मशिनीत काम करत असाल."

मीही हसलो. कारखान्यात मी सेफ्टी शिकवत असे. रोज सकाळी कामगारांपुढे उभं राहून बोलायचं काम, आवाज मोठा असणारच, असं मी तुला ऐटीत सांगितलं. त्यावर तू म्हणालास, "मंग आमच्याकडं या एकदा. आमच्याकडं बोलाया येनारे पाव्हने लई हळू बोलतात. आनि लई वेळ बोलतात."

मी गेलो. कर्जतच्या शाळेच्या हॉलमधली ती परिषद मला अजून आठवते. एकामागून एक मान्यवर उठले, आधी व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घेतली, मग समोर बसलेल्यांना त्यांच्याच दुःखाची माहिती दिली. कुणी पडद्यावर बोट ठेवून "हे बघा" म्हणत होतं, आणि पुढच्या रांगेत सगळे अंध बसले होते. कुणी माइक बाजूला सारून "माझा आवाज खणखणीत आहे" म्हणालं, आणि ज्यांच्या कानांतली मशिनं त्या माइकला जोडलेली होती ते एकमेकांकडे बघत राहिले. कार्यक्रम संपल्यावर तू मला म्हणालास, "पाव्हने बोलले, आमी टाळ्या वाजवल्या. कळलं काय, इचारा कुनाला बी." आणि मग म्हणालास, "दादा, मला बोलनारी मानसं तयार करून द्या."

निवृत्तीनंतर माणसाला एक काम लागतं. ते तू मला दिलंस. याबद्दल मी तुझा ऋणी आहे, आणि हे मी तुला जिवंतपणी सांगितलं नाही. रागाच्या भरात राहून जायला नको म्हणून आधीच सांगून टाकतो.

परिषदेच्या आदल्या दिवशी तालीम घ्यायची हे आपण ठरवलं. बोलणारा कुणीही असो, तालमीला आल्याशिवाय माइक नाही. तालुक्याचे एक साहेब आठवतात का तुला? तालमीला यायचं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. पडदा लावला, चित्र टाकलं, आणि म्हणाले, "इथे तुम्ही पाहू शकता." तू पहिल्या बाकावरून हात वर केलास. "नाय पाहू शकत, साहेब. काय हाय तिथं?" साहेब म्हणाले, आलेख आहे. कशाचा, तू विचारलंस. पेन्शनच्या अर्जांचा. मग तो काय करतो, तू विचारलंस. साहेब गोंधळले, मग म्हणाले की रेघ वर जाते आणि मध्येच पडते. "मंग का पडते तेवढंच सांगा की. रेघ कशाला आनली कर्जतपर्यंत?" दुसऱ्या दिवशी साहेब पडद्याशिवाय बोलले. का पडते ते त्यांनी खरंखरं सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा लोकांनी भाषणाच्या मध्ये प्रश्न विचारले.

माझी मिशीही तुझ्यामुळेच गेली. कुंभिवलीच्या गॅरेजमध्ये काम करणारा नीलेश, त्याला ऐकू येत नाही, त्याने खुणांची भाषा सांगणाऱ्या बाईंकडून तक्रार केली की काकांचे ओठ दिसत नाहीत. मी बोलणाऱ्यांना तोंडासमोरचा हात काढायला सांगत होतो, कागद खाली धरायला सांगत होतो. तू म्हणालास, "दादा, दुसऱ्याला हात काढाय सांगता, आनि तुमचं त्ये जंगल?" मी मिशी काढली. मेहुण्याने मला बघितलं आणि घाबरून विचारलं, कोण गेलं? आठवडाभर मी लोकांना सांगत फिरलो की कुणी गेलेलं नाही. तुझ्या दहाव्याला मात्र उतरवायची म्हटलं तरी माझ्याकडे मिशी नव्हती.

शेवटच्या रांगेची पद्धत माझी. कारखान्यातून आणलेली. तालमीला मी हॉलच्या अगदी मागच्या बाकावर बसायचो. बोलणाऱ्याचा शब्द तिथपर्यंत आला नाही की हात वर करायचो आणि बाकावर दोनदा टकटक करायचो. हात बोलणाऱ्यासाठी, टकटक तुझ्यासाठी. बोलणाऱ्याने थांबायचं, ते वाक्य पुन्हा म्हणायचं, हात खाली आला की पुढे जायचं. मोठमोठी माणसं त्या हाताला घाबरायची. मला त्याचा अभिमान होता.

याच पद्धतीवरून आपला वाद सुरू झाला, आणि तो संपला नाही. मी म्हणायचो, समोरच्याला कळलं नाही तर चूक बोलणाऱ्याची. कारखान्यात मी हेच शिकलो होतो. कुठला कॉक आधी बंद करायचा हे मागच्या रांगेतल्या एका माणसाला ऐकू आलं नाही, तर संध्याकाळी त्याचा हात भाजलेला असतो. तिथे "तू नीट ऐकलं नाहीस" म्हणून चालत नाही. तू म्हणायचास, "हा कारखाना नाय, दादा. हितं बोलनाऱ्याचीच जीभ आडते, हितं ऐकनाऱ्यानं बी कायतरी करावं. थांबावं. कान द्यावा. सगळा भार बोलनाऱ्यावर का?" मी म्हणायचो, श्रोत्यांकडून कामाची अपेक्षा ठेवली की हॉल रिकामा होतो. कशेळे ते कर्जत जीपमध्ये हा वाद आपण किती वेळा केला असेल. तू चिडलास की गप्प बसायचास. तुझं गप्प बसणं मी माझं जिंकणं समजत आलो.

मग रंजना आली.

कशेळ्याच्या वरच्या अंगाच्या गावातली. जन्मापासून तिचे हातपाय आणि जीभ तिच्या वेळेने चालतात. शब्द निघताना अडतो, चेहरा एकीकडे ओढला जातो, मग शब्द येतो, आणि येतो तेव्हा पूर्ण येतो. तूच तिला शोधून काढलंस. तिला जीपबद्दल बोलायचं होतं. जीपवाले तिला घेत नाहीत, घेतलं तर मागे कोंबतात, असं. साधा विषय. पण त्यात एक गंमत होती, आणि ती तिची स्वतःची होती. ड्रायव्हर तिला म्हणतो, "तू कुठं उतरायचं ते सांगेपर्यंत कर्जत येतं." आणि ती म्हणते, "मला कर्जतलाच जायचं असतं."

तालमीला तिने ते म्हटलं तेव्हा पुढचे सगळे खो-खो हसले. तू बाकावर हात आपटून हसत होतास. मी शेवटच्या रांगेत होतो. मला फक्त हसणारी माणसं दिसली.

मी हात वर केला. टकटक केली. तिने वाक्य पुन्हा म्हटलं. मी हात खाली घेतला नाही. तिने परत म्हटलं. पुढच्या वाक्याला पुन्हा माझा हात. ती थकत गेली, आणि थकली की तिचे शब्द जास्त अडतात. तालीम अर्ध्यावर राहिली.

आता जे सांगतो ते नीट सांगायला हवं. त्या दिवशी मला फक्त तिचं ऐकू आलं नाही असं नव्हतं. तिच्या आधी जे डॉक्टर बोलले त्यांचंही अर्धं मला आलं नव्हतं. पण त्यांचे ओठ मला वाचता येत होते. नीलेशसाठी मिशी काढल्यापासून मीसुद्धा लोकांच्या तोंडाकडे बघायला लागलो होतो, आणि कानाला जे कमी पडतं ते डोळे भरून काढत होते. रंजनाचे ओठ तिच्या शब्दांबरोबर चालत नाहीत. तिच्यापुढे माझी ती चलाखी चालली नाही. इतकंच झालं होतं. तिचा आवाज मागे पोचत होता. तिच्यापर्यंत पोचत नव्हतो तो मी.

हे मला त्या संध्याकाळी माहीत होतं का? या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं "नाही" म्हणत आलो. खरं उत्तर असं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं. कॉम्प्रेसर हाउसमध्ये जाताना कानात बोळे घाला, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं. मी स्वतः घालत नव्हतो, कारण तिथे मला ओरडून सूचना द्यायच्या असायच्या. सेफ्टीवाल्याचेच कान गेले, हे कारखान्यात कळलं असतं तर मी तिथे तोंड दाखवू शकलो नसतो. निवृत्त झालो तरी ती लाज निवृत्त झाली नव्हती. मुलाने मशीन आणून दिलं होतं, ते कपाटात होतं.

हॉलच्या बाहेर मी तुला म्हणालो, "शेवटच्या रांगेत पोचत नाही. उद्या हॉल भरलेला असेल. तिचं भाषण निवेदनाच्या बाई वाचतील, ती शेजारी बसेल."

तू म्हणालास, "पोचतंय, दादा."

मी म्हणालो, "मागं कोण बसलं होतं? मी का तू?"

तू गप्प झालास. जीपमध्ये व्हायचास तसाच. मग म्हणालास, "बरं. तिला मी सांगतो." मला हायसं वाटलं. परिषदेचा अध्यक्ष तू, कटू गोष्ट अध्यक्षानेच सांगावी, असं मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी भाषण वाचलं. स्वच्छ आवाज, प्रत्येक शब्द शेवटच्या भिंतीपर्यंत. ड्रायव्हरचं वाक्य आलं. मग, "मला कर्जतलाच जायचं असतं." कुणी हसलं नाही. हॉलमधून च्च-च्च असा आवाज आला, आणि मला तोही ऐकू आला नाही. नीलेशच्या आईने पदर डोळ्यांना लावला ते बघून कळलं. रंजनाने ते वाक्य म्हणताना जेवढा वेळ लागतो, त्या वेळातच ती गंमत होती. आपण तो वेळ काढून टाकला आणि उरली ती बिचारी. ज्या शब्दाला आपण परिषदेत बंदी घातली होती तीच बिचारी आपण स्टेजवर खुर्चीत बसवली.

वाचन संपायच्या आत ती उठली आणि पायऱ्यांवरून भिंतीचा आधार घेत खाली आली. दाराशी आपण दोघं उभे होतो. तू नेहमीसारखा माझा उजवा दंड धरला होतास. तिने विचारलं, "कुनी ठरवलं?"

तू म्हणालास, "मी."

मी तोंड उघडलं होतं, भास्कर. खरंच उघडलं होतं. पण तुझी बोटं माझ्या दंडावर आवळली. मला वाटलं तू आधार घेतोयस.

रंजनाला पुढचं वाक्य म्हणायला वेळ लागला. ती माझ्या उजव्या बाजूला होती, हातभर अंतरावर. तिने म्हटलेला शब्द न् शब्द मला ऐकू आला. "तुमी तरी ऐकायचं व्हतं." मग ती गेली, ती परत परिषदेला आली नाही.

"भास्करने रंजनाचं तोंड बंद केलं." पुढे ज्याला ज्याला तुला टोमणा मारायचा होता त्याने हे वाक्य वापरलं. समितीच्या बैठकीत कुणाशी बिनसलं की ते यायचंच. मी शेजारी बसलेलो असायचो. तू म्हणायचास, "हां, केलं. चुकलं. पुढचा विषय घ्या." मीही पुढचा विषय घ्यायचो. ही माझी गोष्ट झाली, आणि तिची लाज मला आहे. तुझी गोष्ट मला तुझ्या तेराव्यानंतर कळली.

मी कशेळ्याला शारदावहिनींना भेटायला गेलो होतो. त्यांनी चहा ठेवला. मी तुझ्या खाटेजवळच्या खुर्चीत बसलो होतो, त्या माझ्या डाव्या बाजूने काहीतरी विचारत होत्या आणि मी मान हलवत होतो. मग त्या कप घेऊन वळसा घालून उजवीकडे आल्या, समोर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "साखर किती, म्हनून इचारत व्हते, भावजी. माझंच चुकलं. ते नेहमी सांगायचे, जनूदादाच्या डाव्या अंगाला बसू नको, त्यांना ऐकू येत नाय. आनि येत नाय ह्ये त्यांना दाखवू बी नको."

कधीपासून सांगायचे, मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "आमचं बूथ व्हतं तवापासून."

म्हणजे पहिल्या दिवसापासून. "पल्याडचं मानूस बहिरं असंल, न्हायतर..." तुला तेव्हाच कळलं होतं की पल्याडचं नाही, अल्याडचं. तू माझा उजवाच दंड का धरायचास ते मला कळलं. बैठकीत कुणी मला काही विचारलं की तुझा गुडघा माझ्या गुडघ्याला का लागायचा ते कळलं. कुंभिवलीजवळ हायवे ओलांडताना तू एकदा मला मागे खेचलं होतंस आणि समोरून ट्रेलर गेला होता. मी घरी येऊन सांगितलं होतं, भास्कर फार घाबरट आहे, रस्ता ओलांडून देताना मलाच ओढतो. तेही कळलं.

चहा तसाच राहिला. वहिनींना वाटलं मला भरून आलंय. भरून आलं होतंच. आणि त्याच वेळी मला तुझी खाट उचलून अंगणात फेकावीशी वाटली.

तू मला का सांगितलं नाहीस? हॉलच्या बाहेर तू म्हणू शकला असतास, "दादा, तुमचे कान गेलेत. तिचा आवाज हाय." एवढंच. मी चिडलो असतो, आठवडाभर बोललो नसतो, कदाचित परिषद सोडली असती. मग कपाट उघडलं असतं. साहेबांना सगळ्यांसमोर "नाय पाहू शकत" म्हणणारा तू, माझी मिशी काढून घेणारा तू, आणि मला एवढं म्हणू शकला नाहीस? आपण दर वर्षी लोकांना शिकवलं की समोरच्याची दया करू नका, तो मोठा आहे, त्याला खरं सांगा. तो नियम तू माझ्यापुरता मोडलास. तू माझी दया केलीस. मला चुचकारत, सांभाळत, उजव्या दंडाला धरून तू इतकी वर्षं चालवत राहिलास, आणि मी समजत राहिलो की मी तुला चालवतोय.

माझं एकवेळ सोडून देतो. पण त्या संध्याकाळी तुझ्यापुढे दोन माणसं होती. एक म्हातारा, ज्याची लाज उघडी पडली असती. आणि एक मुलगी, जिला आयुष्यात पहिल्यांदा माइक मिळणार होता. तू म्हाताऱ्याला निवडलंस. माझी लाज झाकायला तू तिचा आवाज झाकलास, आणि मग सगळा दोष स्वतःवर घेऊन मोठेपणाने बसून राहिलास. असा मोठेपणा कुणी मागितला होता? तू दोष घेतलास म्हणून तिला उत्तर मिळालं नाही. ती इतकी वर्षं समजत राहिली की ज्याला सगळ्यात चांगलं ऐकू येतं त्यालाच तिचं बोलणं ऐकण्यालायक वाटलं नाही. हे तू तिच्याशी केलंस, भास्कर. मी करायला लावलं आणि तू केलंस.

वहिनींकडून निघालो तो घरी गेलो, कपाटातलं मशीन काढलं, पण ते इतकं जुनं झालं होतं की चालेना. मुलाबरोबर जाऊन नवीन आणलं. पहिले काही दिवस भांड्यांचे आवाजही सहन होत नव्हते. ते लावून मी रंजनाकडे गेलो.

ती भावाच्या किराणा दुकानात बसते. मला बघून तिने स्टूल पुढे केलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: तालीम, हात, माझे कान, तुझं "पोचतंय", माझं "मी का तू". गिऱ्हाईक आलं, तिने त्याला साबण दिला, ते गेलं. मग ती बोलली. मी थांबलो. कान दिला. तुझ्या म्हणण्याप्रमाणे ऐकणाऱ्याने जे करायचं असतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. ते फार अवघड नसतं रे.

ती म्हणाली, "मी त्यांच्या मातीला गेले नाय."

तिने साबणाचे पैसे गल्ल्यात टाकले.

"गाव गेलं. भाऊ गेला. मी म्हनलं, मी नाय येत." मग तिचा शब्द अडला, आणि आला. "ती माती आता तुमी परत आननार का?"

मी म्हणालो की परिषदेत तुझ्यावर बोलायला मला सांगितलंय, मी लिहून आणतो, ते तिने वाचावं. सगळ्यांसमोर, तिच्या आवाजात. मला वाटलं मी तिला काहीतरी देतोय. ती हसली, आणि ते हसणं चांगलं नव्हतं.

"तुमचं तुमी वाचा, काका. तवा माझं दुसऱ्यानं वाचलं. आता तुमचं मी वाचू?" आणि मग, "माझं भाषन येगळं हाय."

मी निघालो तेव्हा तिने हाक मारली. दुकानाच्या पायरीवरून, माझ्या पाठीमागून. मला ती ऐकू आली.

"तालमीला मागं कोन बसनार हाय?"

कुणी नाही, मी म्हणालो. तू गेल्यापासून तालीमच ठरलेली नाही.

"मी बसते," ती म्हणाली.

हा शेवटचा भाग तालमीहून आल्यावर लिहितोय. हॉल तोच. स्टेजला आता पायऱ्या नाहीत, उतरण आहे. परिषदेचं नाव अपंगचं दिव्यांग झालं तेव्हा तू म्हणाला होतास, नाव काय बी ठेवा, पायऱ्या काढा. तुझ्या पहिल्या बाकावर शारदावहिनी होत्या, नीलेश होता, समितीची माणसं होती. रंजना सगळ्यात मागे, माझ्या बाकावर. ती स्वतः उद्या बोलणार का, हे मी विचारलं नाही. तिने एक कागद आणला होता, तो तिच्या मांडीवर होता.

मी नाव सांगितलं, कसा दिसतो ते सांगितलं, मशीनचं सांगितलं. बूथ सांगितला. साहेबांच्या रेघेला लोक हसले, मिशीला हसले, आणि मला ते ऐकू आलं. ड्रायव्हरच्या वाक्याशी मी थांबलो, तिच्याकडे बघितलं, आणि पुढचं वाक्य तिच्यासाठी सोडून दिलं. तिने मागून ते म्हटलं. तिला जेवढा वेळ लागतो तेवढा घेऊन. शारदावहिनी पदर तोंडाला लावून हसल्या.

पुढे ते वाक्य आलं जे मी लिहिताना या कागदावर कुठेच धीटपणे लिहिलं नव्हतं, म्हणून तालमीआधी समासात घातलं होतं: रंजनाला भास्करने गप्प केलं नाही, मी केलं. मी ते म्हटलं आणि वर बघितलं.

तिचा हात वर होता. टकटकही केली असेल.

मी पुन्हा म्हटलं. "मी" या शब्दाशी माझा आवाज खाली जातो, हे मला तेव्हा कळलं. हात वरच होता. तिचा हात सरळ राहत नाही, थरथरतो, दुसऱ्या हाताने तिने तो कोपराशी धरला होता. पण खाली आणला नाही. समितीतलं कुणीतरी मागे वळून तिला खुणेने सांगू लागलं की आलं ऐकू, राहू दे. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

तिसऱ्यांदा मी कारखान्यात बोलायचो तसं बोललो. हात खाली आला.

तुला पहिल्याच वेळी ऐकू आलं असतं, भास्कर. आणि तू गप्प बसला असतास.